राख न पडलेली जागा

नदीपलीकडच्या साखर कारखान्याचं गाळप सुरू झालं की आमच्या गच्चीवर काजळी पडायला लागते. उसाच्या भुशाची ती राख. हलकी, काळी, बोटाखाली चिरडली की तेलकट रेघ ओढणारी. बारामतीहून इंदापूरकडे जाताना रस्त्याला लागून आमची वस्ती आहे. हंगामात आम्ही कपडे घरात वाळवतो, पाण्याच्या टाकीवर फडकं बांधतो आणि रोज सकाळी गच्ची झाडतो. याची कुणी तक्रारही करत नाही आता.

मी वीज मंडळात वायरमन होतो. खांबावर चढून फॉल्ट शोधण्यात जन्म गेला. दिवा फडफडला की भूत म्हणणाऱ्यांची मी कायम टर उडवत आलो. फॉल्ट असतो तिथं कारण असतंच.

माझी बायको लीला गेल्या श्रावणात गेली. आतड्याचा कॅन्सर. आमच्या विहिरीच्या पाण्याला कारखान्याच्या मळीचा वास येतो, आणि वस्तीत या दुखण्यानं गेलेली ती काही पहिली नव्हे. पाण्यानं झाला, राखेनं झाला की नुसतं नशीब, हे कुणी छातीठोकपणे सांगत नाही. मीही सांगत नाही. ती गेली, एवढंच छातीठोकपणे सांगता येतं. तिची एकच इच्छा राहिली. राजलक्ष्मीचं, आमच्या एकुलत्या लेकीचं, पहिलं बाळंतपण या घरात व्हावं आणि नातवंडाला तिनं स्वतःच्या हातानं न्हाऊ घालावं. अंथरुणाला खिळली तरी तेच बोलायची.

राजीला दिवस गेले ते लीला गेल्यानंतर. ती डाळजला दिलेली. सातवा महिना लागला तेव्हा जावई अविराजचा फोन आला.

"आबा, राग मानू नका. पण तितली हवा बरी न्हाय. बाळंतपण आमच्या हितंच करू."

"पहिलं बाळंतपण माहेरीच असतंय," मी म्हणालो.

रीत होती हे खरं, पण रिकामं घर मला खायला उठत होतं हे त्याहून खरं. मला लेक हवी होती. ती आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्ची झाडायला गेलो तर टाकीजवळ पाटाएवढी जागा स्वच्छ होती. चहूकडे काजळी, मधे फरशी धुतल्यासारखी. लीला हिवाळ्यात तिथं उन्हाला बसायची. मी सगळं झाडून काढलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. टाकीचा आडोसा बघितला, वारा कुठून येतो ते बघितलं, वरून एखादी तार गेलीय का तेही बघितलं. मग तिथं पांढरी चादर अंथरून चारी कोपऱ्यांवर विटा ठेवल्या. सकाळी चादर काळी झाली होती, आणि मधे पाटाएवढी पांढरी राहिली होती.

पुढं त्या जागेतून दोन स्वच्छ पट्टे निघाले. शेजारीशेजारी, सरळ, दोन अडीच फुटांचे. मधे राखेची बारीक रेघ.

शेजारची मेहबूबबी राजीला तेल लावायला येते. तेलाची वाटी मागायला ती वर आली आणि थबकली.

"आबा, हितं कोण बसलं हुतं?"

"कोण बसणार?"

"पाय लांब करून बसल्यावानी दिसतंय. लेकराला पायावर घिऊन न्हाऊ घालतो न्हवं आमी, तसं."

बोलता बोलताच तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. वाटी न घेताच जिना उतरली. त्यानंतर ती कधी वर आली नाही.

मला भीती वाटायला हवी होती. मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं. मी तेवढा भाग झाडणं सोडून दिलं. सकाळचा चहा घेऊन वर जायचो, त्या पट्ट्यांशेजारी बसायचो. राजीला काय खावंसं वाटतंय, पाय किती सुजलेत, पोट कसं वर आलंय, सगळं सांगायचो. पुन्हा कुणीतरी ऐकणारं होतं.

खाली राजीचं डोकं दुखत असायचं. मळीचा वास आला की ती खिडक्या लावून घ्यायची.

"आबा, मी डाळजला जाऊ का? हितं जीव घाबरतोय माझा."

तिला पाठवायला हवं होतं, हे कळत होतं. पण ती गेली तर गच्चीवरची जागाही राखेनं भरून जाईल असं वाटायचं. दोघी घरात होत्या. एकही सोडवेना.

"थांब अजून थोडं," मी म्हणालो.

ती थांबली.

मग एका सकाळी राजी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसलेली दिसली. दोन्ही हात पोटावर.

"आबा, कालपास्नं बाळ हललं न्हाय."

मी अविराजला फोन लावला. गाडी घेऊन लगेच निघतो म्हणाला. मेहबूबबीला हाक मारली. ती राजीजवळ बसली.

मी वर गेलो. का गेलो ते ठाऊक होतं.

दोन्ही पट्टे जागेवर होते. पण मधली राखेची रेघ आज अखंड नव्हती.

नडगीच्या जागी ती तुटली होती. तिथं दोन्ही पट्टे एक होऊन दीड वीत लांबीची जागा स्वच्छ होती, तान्हं बाळ निजवल्यासारखी. एका टोकाला गोल.

भोवतीच्या राखेत थेंब पडले होते. बाकी गच्ची कोरडी होती.

मी एका थेंबाला बोट लावलं.

पाणी कोमट होतं.