ब्रूजमध्ये काढून ठेवलेला घास

भुताखेतांच्या गोष्टी मला आवडत नाहीत, हे आधीच सांगते.

मी गणिताची बाई आहे. नाशिकला शाळेत आठवी-नववीला शिकवते. वर्गात कोणी असलं काही बोललं तर त्याला फळ्यापाशी उभं करते. त्यामुळे मी रंगवून सांगतेय असं वाटत असेल, तर वाचू नका. जे झालं ते झालं. माझ्या डोळ्यांदेखत झालं.

आणि अजून संपलेलं नाही.

सुरुवात झाली रामकुंडावर. मागच्या वर्षी नोव्हेंबरात, भर सकाळी. अंधार नाही, अमावस्या नाही. ऊन पडलं होतं, भाविकांची गर्दी होती, शेजारी कोणीतरी चहा विकत होतं.

माझ्या ताईचा दहावा होता.

ताई म्हणजे उत्तरा. माझी सख्खी मोठी बहीण. चहा ठेवायला उठली, ओट्यापाशी खाली बसली आणि संपलं सगळं. मागे राहिले वेणीमाधव भाऊजी आणि त्यांची मुलगी ओवी. ओवी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. मला मूलबाळ नाही, तेव्हा ओवी ताईची जितकी तितकीच माझी.

पिंड ठेवला. कावळे होते, भरपूर होते. समोरच्या भिंतीवर रांगेने बसले होते.

एकही खाली येत नव्हता.

कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्या माणसाची काहीतरी इच्छा राहिलीय, असं आपल्याकडे मानतात. मग जवळची माणसं पुढे होऊन शब्द देतात. भाऊजींनी हात जोडले, म्हणाले, ओवीचं शिक्षण पुरं करीन. कावळे हलले नाहीत. ओवीचं लग्न थाटात करीन म्हणाले. तरी नाही. गुरुजी घड्याळ बघायला लागले, दर्भाचा कावळा करून शिवूया म्हणाले.

ओवी बाजूला उभी होती. आई गेल्यापासून ती रडली नव्हती. जेवत नव्हती. चहा-बिस्किटावर दिवस काढत होती. विचारलं तर "हो मावशी", "नाही मावशी". बस्स.

मलाही काही वाटत नव्हतं. खरं सांगते, आत नुसता दगड होता. पाय दुखत होते आणि घरी जायचं होतं. मी पुढे झाले आणि तोंडाला येईल ते बोलले.

"ताई, तुला ब्रूजला घेऊन जाते. आता तरी ये."

एक कावळा सरळ खाली उतरला.

ब्रूज हे बेल्जियममधलं जुनं गाव. कालवे, दगडी पूल, घंटांचा उंच मनोरा. ताईला त्याचं वेड लागलं होतं. ती क्रोशाचे क्लास घ्यायची, आणि ब्रूजची हाताने विणलेली लेस जगात नावाजलेली. रोज दुपारी व्हिडिओ बघायची. तिथे गेलं की वॉफल खायचं, बोटीत बसायचं, लेस विणणाऱ्या बायकांशेजारी जाऊन बसायचं... सगळं तोंडपाठ होतं. स्वतःचं, भाऊजींचं आणि ओवीचं बुकिंगही करून ठेवलं होतं, जूनचं.

भाऊजी यायला तयार झाले नाहीत. मग मी आणि ओवी गेलो. ओवीने कुठेतरी जावं, काहीतरी खावं, एकदा तरी रडावं, एवढंच माझ्या मनात होतं.

तिथे जूनमध्ये रात्रच होत नाही म्हटलं तरी चालेल. जेवणं आटोपली तरी बाहेर लख्ख उजेड. त्या उजेडात रस्ते रिकामे व्हायचे. माणसं घरात, दारं बंद, आणि उजेड तसाच. मला ते आवडलं नाही.

पहिल्या दिवशी वॉफल घेतलं. गरम, वर साखर वितळलेली. ओवीने हातही लावला नाही. मी एक तुकडा मोडला, कागदी रुमालावर ठेवला आणि कालव्याच्या कठड्यावर बाजूला सरकवला. आपण श्राद्धाला घास काढून ठेवतो ना, तसा. ताईला आणलंय म्हटल्यावर तिला नको का?

पर्समधून पाण्याची बाटली काढली. वळून पाहिलं...

तुकडा नव्हता.

पक्षी असेल म्हणाल. मीही तेच म्हणाले. पण रुमाल तिथेच होता.

चार घड्या घातलेला.

ताई हॉटेलात गेली की खाऊन झाल्यावर कागदी रुमालाची चौघडी घालून ताटलीखाली ठेवायची. मी तिला हसायचे, तो कचऱ्यातच जाणार आहे ग, म्हणून.

मी घाबरले का? नाही. मला बरं वाटलं. सात महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी वाटलं.

मग मी प्रत्येक ठिकाणी घास काढायला लागले. बटाट्याचे जाड फ्राईज, चॉकलेट, चीज. ठेवायचे आणि तोंड फिरवायचे. दरवेळी... रिकामं. दरवेळी रुमालाची चौघडी.

दुसऱ्या दिवशी बोटीत बसलो. उतरताना बोटवाला हात धरून उतरवत होता. मला उतरवलं. ओवीला उतरवलं. आमच्यानंतर कोणी नव्हतं. तरी त्याने हात पुढे केला... थोडा थांबला... आणि कोणाला तरी उतरवून घ्यावं तसा मागे सरकला.

मग स्वतःच्या तळहाताकडे बघत राहिला. पँटला हात पुसला. आमच्याकडे परत बघितलं नाही.

दुपारी मनोऱ्यावर जायचं होतं. जिना अरुंद, चक्राकार. ओवी थोडं चढली आणि पायरीवर बसली. म्हणाली, गुडघा धरलाय.

एकोणीस वर्षांची मुलगी. कॉलेजच्या कबड्डी टीममधली. आणि उजवा गुडघा दाबत बसलेली, ताई दाबायची तसा, अंगठ्याने.

प्रवासाचा शीण असेल म्हटलं.

लेसचं सांगते आता.

तिथे एक लहान वर्कशॉप होतं. म्हाताऱ्या बायका पुढ्यात गोल उशी घेऊन बसलेल्या. उशीवर टाचण्या, दोऱ्यांच्या टोकांना लाकडाच्या बारीक काड्या. त्या काड्या एकमेकींवरून टाकत लेस विणतात. सगळ्या खोलीत एकच आवाज.

टक... टक टक... टक.

एका बाईंनी ओवीला खुणेने बोलावलं. ही मुलगी साधं बटण लावायचं तर आईकडे पळायची. ती उशीपुढे बसली. काड्या हातात घेतल्या.

आणि हात चालायला लागले.

भराभर. खाली न बघता. त्या बाईंचं स्वतःचं काम थांबलं. त्या मला इंग्रजीत म्हणाल्या, ही आधी शिकलीय वाटतं. मी मान डोलावली.

संध्याकाळी ओवी पोटभर जेवली. स्वतः मागून घेतलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, जमलं बाई. ताईची इच्छाही पुरी झाली आणि पोरगीही जेवायला लागली.

त्या दिवशी बाजूला काढलेला घास मात्र तसाच राहिला. रुमाल उघडाच. मी बराच वेळ वाट बघितली.

ते तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं.

निघायच्या दिवशीचं आता. आमच्या माहेरी एक रीत आहे. परगावाहून निघताना दारात उभं राहून प्रत्येकाचं नाव घ्यायचं आणि "चल घरी" म्हणायचं. माणसाचं मन मागे रेंगाळू नये म्हणून. हे काम ताई करायची. माझं नाव घ्यायची, भाऊजींचं, ओवीचं. एकालाही विसरायची नाही.

टॅक्सी दारात होती. ओवी बॅगा घेऊन माझ्या पुढ्यातच उभी होती. वर मनोऱ्यातल्या घंटा सुरू झाल्या. मी हॉटेलच्या रिकाम्या खोलीकडे वळले.

खरं तर तिला तिथेच मोकळं करायचं होतं. शब्द पाळला होता, हात जोडून निघायचं होतं. पण तिला तिथे एकटीला ठेवून जायचं... ते मला झेपेना.

"ताई," मी म्हणाले, "चल घरी."

एवढंच. ओवीचं नाव घेतलं नाही. ती समोर दिसत होती ना. जी दिसतेय तिला कशाला हाक मारायची?

टॅक्सी पुलावर चढली. मागून आवाज आला.

"मावशी..."

लांबून. कालव्याच्या बाजूने.

मी शेजारी वळले, म्हटलं, काय ग? ओवी खिडकीबाहेर बघत होती.

"मी कुठे काय बोलले?"

मी मागच्या काचेतून पाहिलं. पूल रिकामा होता. ऊन होतं.

नाशिकला आल्यावर सगळे म्हणाले, ओवी सावरली. भाऊजी तर हात जोडून म्हणाले, मंजुषा, तू माझी मुलगी परत आणलीस. ती पहाटे उठायला लागली. चहा ठेवायला लागली. भाजी निवडून फ्रिजमध्ये डबे लावायला लागली. दुपारी खोलीचं दार लोटून बसायची आणि आतून आवाज यायचा.

टक... टक टक... टक.

काड्या तिने आणल्या नव्हत्या. सामान मी स्वतः लावलं होतं.

या नोव्हेंबरात ताईचं वर्षश्राद्ध झालं. स्वयंपाक मीच केला. वडे, खीर, कढी, आमसुलाची चटणी. कावळ्याचं पान गच्चीवर नेऊन ठेवलं आणि बाजूला उभी राहिले.

कावळे आले. कठड्यावर बसले. पानाकडे बघितलं.

एकही पुढे आला नाही.

मी हात जोडले. म्हटलं, ताई, आता काय राहिलं? सगळं केलं ना ग.

जिन्यात पावलं वाजली. ओवी वर आली. उजवा पाय जरा ओढत. पानापाशी गेली, खाली बसली. मी थांब म्हणेपर्यंत तिने घास उचलला आणि तोंडात टाकला. श्राद्धाच्या पानातला घास. मग खीर. मग वाटी उचलून कढी प्याली.

कठड्यावरचे सगळे कावळे एकदम उडाले.

तिने तोंड पुसलं. कागदी रुमालाची चौघडी घातली, पानाखाली सरकवली. माझ्याकडे बघितलं.

"मंजे, कढीत मीठ कमी आहे."

मला मंजे म्हणणारं जगात एकच माणूस होतं.

तुम्ही म्हणाल, किंचाळायचं होतं. भाऊजींना बोलवायचं होतं. मला तेव्हा काहीच वाटलं नाही. नुसतं बधिर. आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं,

"हो ताई. घालते."

भाऊजींना हे सांगितलेलं नाही. ते मजेत आहेत. जेवणाला चव आलीय म्हणतात. मला ताई मिळालीय, रोज फोन करते, कालच कोथिंबिरीच्या वड्या पाठवल्या. खोटं कशाला बोलू, मला ते हवंसं वाटतं.

पण ब्रूजहून निघाल्यापासून मला कोणी मावशी म्हटलेलं नाही. एकदाही नाही.

ती तिथे कुठे असेल? पुलावर? त्या कालव्याशी? थंडीत तिथे दुपारीच अंधारून येतं म्हणतात. तिच्यासाठी घास कोण काढून ठेवत असेल?

हल्ली रोज संध्याकाळी मी ताईच्या घरी जाते. पापड आणायच्या निमित्ताने गच्चीवर चढते. पश्चिमेकडे तोंड करून उभी राहते आणि म्हणते, "ओवी, चल घरी."

हळूच म्हणते. खाली स्वयंपाकघरात ताई असते. तिला ऐकू जाईल.