दुपारचा विंझणा

ही ऐकीव गोष्ट नाही. जिच्या बाबतीत घडली ती रूता माझी सख्खी भावजय, धाकट्या भावाची बायको. आजही आमच्याच गावात राहते. तिच्या घरात भांडं पडलं तर माझ्या घरात ऐकू येतं, इतकी जवळ.

गाव फागालेमू. दक्षिण समुद्रातल्या सवाई बेटाचा समुद्रकाठ. आणि वेळ रात्रीची नव्हे…

भर दुपारची.

रात्री आम्ही सगळेच सावध असतो. भिंती नसलेल्या घरांचे झापांचे पडदे सोडतो, दिवा ठेवतो, उगाच शिट्टी वाजवत नाही. दुपारी कोण सावध असतं?

रूताच्या आईचं नाव फुआतिनो. म्हातारीच्या उजव्या अंगावरून वारं गेलं आणि ती सहा वर्षं चटईवर पडून होती. तिला भरवणं, पुसणं, कुशीवर वळवणं, सगळं रूताने केलं. माझा भाऊ योसेफो घरजावई. तोही पडेल ते करायचा.

पण म्हातारीच्या तोंडी नाव एकच.

आओलेले.

आओलेले म्हणजे रूताची धाकटी बहीण. लग्न करून ऑकलंडला गेली ती तिकडचीच झाली. लहानपणी तिच्या छातीत घरघर व्हायची. दुपारी आई तिच्या उशाशी बसून विंझण्याने वारा घालायची. रूता पलीकडे निजायची. तिच्या वाट्याला त्या वाऱ्याची कड यायची, तेवढीच.

"आओलेले आली का?" आजारपणात म्हातारी रोज विचारायची.

"मी रूता आहे, आई."

"बरं बरं. आओलेले आली की उठव मला."

म्हातारी गेली तेव्हा आओलेले आली. ऊर बडवून रडली. मयताच्या मानाच्या, बारीक विणीच्या उंची चटया चळत लावून मांडल्या. गाव म्हणालं, लेक असावी तर अशी! रूता तेव्हा मागच्या बाजूला अळूचे कांदे सोलत होती. तिने ते ऐकलं. सुरी हातात तशीच राहिली.

आईला घरापुढेच पुरलं. वर सिमेंटचा पांढरा ओटा बांधला.

त्यानंतर वर्ष उलटून गेलं. मग ती प्रवासी मुलगी आली.

आनेके तिचं नाव. हॉलंडची. पाठीवर स्वतःएवढं बोचकं, उन्हाने नाक सोललेलं. आमची भाषा मोडकीतोडकी बोलायची, पण बोलायची. पाद्रीबुवांनी तिला रूताकडे उतरवलं.

पोरगी गोड होती, हे कबूल करायला हवं. नारळ खवायला बसली आणि बोटं सोलून घेतली.

"अगं पोरी, खोबरं खवायचं, हाडं नाहीत!" योसेफो म्हणाला. ती खो खो हसली.

रूता हसली नाही. "मी जन्मभर खवतेय. माझ्या बोटांकडे कधी बघितलंत?"

"तुझी बोटं? तुझ्या बोटांनी खवणीच सोलून निघते!"

रूताने रागाने नारळाची करवंटी भिरकावली. पाहुणी आणखी हसली.

पाहुण्याला घरातली चांगली जागा द्यायची, ही रीतच आहे. समुद्राकडच्या खांबाजवळची, आईच्या ओट्यासमोरची चटई. पूर्वी ती आओलेलेची जागा. आणि या पोरीची छातीही तशीच नाजूक. डोळा लागला की घरघर सुरू.

रूताच्या ते लक्षात आलं होतं. तिला ते आवडलं नव्हतं.

रविवारी सगळे प्रार्थनेला जाऊन आले. उमूच्या भट्टीतले तापलेले दगड बाजूला सारून नीरफणस, मासे, नारळाच्या दुधातली अळूची पानं बाहेर काढली. पोटभर जेवणं झाली. मग अख्खा गाव आडवा झाला. रविवारच्या दुपारी आमच्याकडे मोठ्याने कुणी खोकतही नाही.

उन्हं कलल्यावर पाहुणी उठली. डोळे चोळत म्हणाली, "रूताताई, किती करता हो माझ्यासाठी. इतका वेळ वारा घालत बसलात. हात दुखला असेल."



रूता तर मागच्या खांबाशी झोपली होती.

मग कोण बसलं होतं?

तिच्या मनात आलं ते कुठल्याही बायकोच्या मनात येईल तेच.

"शोभतं का तुम्हाला? गोऱ्या पालागी पोरीच्या उशाशी बसून वारा घालता?"

"मी?" योसेफो म्हणाला. "अगं माझे आई, मी दादाकडे फणसाखाली घोरत होतो! दादा, सांग की हिला."

"घोरत होता," मी म्हणालो. "माझी झोप गेली याच्यापायी."

"भावोजी, तुम्ही भावाचीच बाजू घेणार!"

दुसऱ्या दिवशी दुपारी ती झोपेचं सोंग घेऊन पडून राहिली. डोळे किलकिले ठेवून.

कोंबडा आरवला. दूर खडकांवर लाटा फुटत होत्या.

मग लाटांचा आवाज… ऐकू येईनासा झाला.

केळीचं एक पान हलत नव्हतं.

आणि पाहुणीचे केस हलले. कपाळावरून उडाले. खाली बसले. पुन्हा उडाले.

फस्… फस्… टक्.

 तो 'टक्' रूताला ओळखीचा होता. तिची आई वारा घालताना मधूनच विंझण्याची मूठ चटईवर आपटायची. माश्या हाकलायला. तिच्याएवढ्या सवयीने ते दुसरं कुणी करत नसे.

फस्… फस्… टक्.

पाहुणीजवळ कुणीच नव्हतं. भिंती नसलेल्या घरात लपायचं तरी कुठे?

माणूस घाबरून पळेल. रूता पळाली नाही. ती मला पुढे म्हणाली, "भीती नाही वाटली, भावोजी. जीव जळला."

संध्याकाळी ती ओट्याभोवतीचं गवत उपटत होती. मी जाळं घेऊन परतत होतो. ती कुणाशी तरी भांडत होती.

"सहा वर्षं, आई! तुझी लाळ पुसली मी. एकदा तरी माझ्या उशाशी आलीस? आणि ही कोण कुठली, घरघर ऐकून धावत आलीस? तुझी आओलेले नाही ती!"

मी तिला खाली बसवलं. सगळं ऐकून घेतलं.

"रूता, पोरीला दुसरीकडे पाठव," मी म्हणालो. "आणि हे बघ, मेलेलं माणूस काही बोललं तर ओ देऊ नये. तुला माहीत आहे."

"बोलली तर ना," ती कडू हसली. "माझ्याशी काय बोलणार ती?"

शनिवारी तिने योसेफोला सांगितलं, पाहुणीला बसने धबधबा दाखवून आणा. तो चक्रावला. कालपर्यंत ज्या पोरीशी हसलं तरी घर डोक्यावर घेत होती, तिच्याबरोबर आज स्वतःच धाडते आहे! पण गेला.

घर रिकामं झालं.

रूताने पाहुणीचं फुलाफुलांचं फडकं कमरेला गुंडाळलं. तिच्या जागी, तिच्या चटईवर पालथी निजली. तोंड बाहीत लपवलं. आणि छातीतून घरघर काढू लागली.

ऊन मी म्हणत होतं.

लाटा गप्प झाल्या…

फस्.

मानेवर गार झुळूक आली. मग दुसरी. वाऱ्याची कड नव्हे. पुरता, सरळ वारा. उभ्या जन्मात पहिल्यांदा.

रूता हुंदका गिळून पडून राहिली.

आणि कानाशी आवाज आला. आजारपणातला बोबडा नव्हे. त्याच्याआधीचा, धडधाकट.

"आओलेले? आलीस होय?"

रूताला माझं बोलणं आठवलं. आठवूनही ती बोलली.

"हो, आई."

फस्… फस्… टक्. किती वेळ गेला, तिला कळलं नाही.

मग विंझणा थांबला.

"रूता कुठे आहे गं?"

रूताने बाहीत तोंड आणखी खुपसलं.

"तिला बोलाव ना. किती दिवस दिसली नाही. तुझ्यासाठी जीव तुटायचा, पण डोळे मिटताना हात तिचा धरला होता मी. बोलाव तिला."

रूता मला म्हणाली, "भावोजी, तेव्हाच वळायला हवं होतं. मी वळणारच होते. पण मनात आलं, जन्मभर हिने आओलेलेची वाट पाहिली. एकदा माझीही पाहू दे. माझ्यासाठीही झुरू दे एकदा."

म्हणून ती तोंड न वळवता म्हणाली, "रूता गेली, आई. लांब गेली. आता यायची नाही ती."



मग कुणीतरी चटईवरून उठलं. गुडघ्यावर हात ठेवून, जड अंगाने. जमिनीवरचे खडे वाजले… करकर… ओट्याकडे नाही. रस्त्याकडे.

"रूता…" लांबून हाक आली. "रूताऽ…"

रूता ताडकन उठली. "आई! अगं, मी इथे आहे! मीच रूता!"

रस्त्यावर ऊन. कुणी नाही.

त्या रात्री पाहुणी तळमळत राहिली. सकाळी बोचकं आवरून पुढच्या गावी गेली. जाताना म्हणाली, "इथलं घर आता कसं रिकामं वाटतंय."

तेव्हापासून आमच्या गावातली दुपार गेली.

पहिल्यांदा टोकाच्या घरातल्या लेइतू काकूंनी विचारलं, "कोण हो दुपारचं खडे वाजवत फिरतं? खांबाशी येतं, थांबतं, झोपलेल्यांची तोंडं बघितल्यासारखं करतं. पुढे जातं." मग दुसऱ्या घरातून तेच. मग तिसऱ्या. कुत्री चुलीमागे शिरून बसायची. पाद्रीबुवांनी ओट्याशी प्रार्थना केली. पण खडे वाजायचे राहिले नाहीत.

आणि प्रत्येक वेळी मागोमाग रूता. केस मोकळे, पायात काही नाही. दारोदार.

"पुरे आता, घरी चल," योसेफो तिला ओढायचा.

"सोडा हो! माझ्यासाठी हिंडतेय ती. माझ्यासाठी!"

तिच्या डोळ्यांत पाणी असायचं, आणि काय सांगू, थोडी शेखीही असायची.

गेल्या रविवारी ते माझ्या घरी आलं.

मी जागा होतो. खडे वाजले. समुद्राकडच्या खांबाशी थांबले. कुणी दिसलं नाही, पण माझ्या तोंडावर सावली आल्यासारखा गारवा आला.

"रूता इथे आहे का?"

मी दात आवळून पडून राहिलो.

तेवढ्यात मागून रूता धावत आली. त्या खांबाशी, उन्हात उभी राहिली. हात पसरले.

"आई, अगं माझ्याकडे बघ! हे हात बघ! मी रूता… तुझी रूता!"

खांबापाशी एक निःश्वास ऐकू आला. दमलेला. मायेचा.

"तू नव्हे गं, आओलेले… तू नीज जा. तुझी छाती बरी नाही."

आणि खडे पुढे गेले.

रूता खाली बसली. रडली नाही. नुसती धाप लागली होती तिला. मी पाणी घेऊन जवळ गेलो, तर तिच्या छातीतून आवाज येत होता. घरघर… घरघर… ती आता सोंग करत नव्हती.

आज पुन्हा रविवार आहे. जेवणं झाली, गाव आडवा झालाय. मी हे लिहीत बसलोय. समोर रूता रस्त्यावर ऊन झेलत उभी आहे.

लाटांचा आवाज आत्ताच थांबला…