एकोणीस चिठ्ठ्या

ही गोष्ट खरी आहे. खुद्द मुद्रितशोधकाने सांगितलेली, आणि तो माणूस पदरचा स्वल्पविरामही घालत नाही.

बुधवार. दुपारचे तीन. दुसऱ्या मजल्यावरच्या घरातली त्याची कामाची खोली.

कॉम्प्युटर सोमवारीच बंद पडला होता. दुरुस्तीवाल्याने नवी डिस्क घातली आणि जुनं सगळं गेल्याचं अगदी सहज सांगून टाकलं.

मुद्रितशोधकाला हव्या होत्या फक्त चिठ्ठ्या.

ब्राउझरमध्ये एक एक्स्टेंशन होतं. कुठल्याही वेबपानावर पिवळी चिठ्ठी डकवता यायची. बायको स्वयंपाकघरातल्या लॅपटॉपवरून डकवायची, ती ह्याच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर उगवायची. दहा पावलांवरून हाका मारून घसा बसतो, म्हणायची. काम झालं की चिठ्ठी तीच काढायची, तेही स्वतः येऊन खात्री केल्यावर. नवऱ्याच्या 'झालं' या शब्दावर तिचा काडीचा विश्वास नव्हता.

ती जाऊन दीड वर्ष झालं. काढायच्या राहिल्या एकोणीस.

तेवढंच तिचं हस्ताक्षर... टाइप केलेलं का होईना.

दुरुस्तीवाल्याने एक्स्टेंशन पुन्हा टाकलं, जुन्या खात्यात शिरला. खात्यात इंटरनेटवर साठलेल्या चिठ्ठ्या एकेक करून परत आल्या. एकोणीसच्या एकोणीस. मुद्रितशोधकाने चष्मा पुसला. चष्मा स्वच्छच होता.

मग दुरुस्तीवाला थबकला.

"काका, दुसरं मशीनही चालू आहे वाटतं. 'स्वयंपाकघर' नाव आहे. आत्ताच जोडलं गेलंय."

तो लॅपटॉप मेव्हणीने वर्षापूर्वी भंगारात दिला होता. तिला फोन लावला. ती म्हणाली, भावोजी, माझ्यासमोर हातोड्याने फोडला भंगारवाल्याने. आणि जेवलात का?

असले जुने अवशेष राहतात, असं दुरुस्तीवाल्याचं मत पडलं. काढून टाकू का? मात्र तिथून आलेल्या चिठ्ठ्याही जातील.

"राहू दे," मुद्रितशोधक म्हणाला.

दुरुस्तीवाला गेला. वाऱ्याने खिडकी आपटत होती...

बातम्यांच्या पानावर चिठ्ठी होती. 'खिडकीची कडी बसव.' दीड वर्षाने का होईना, त्याने स्क्रू पिळला.

आपटणं थांबलं.

टेबलाशी आला, तर चिठ्ठी... नव्हती.

त्याने हवामानाचं पान उघडलं. 'घड्याळात सेल घाल.' बाहेरच्या खोलीत जाऊन सेल घातला. टिकटिक सुरू झाली. परत आला.

तीही नव्हती.

पाऊल वाजलं नाही. पडदा हलला नाही. फक्त कुणीतरी खात्री करून गेलं होतं.

तेव्हापासून त्याने घरातलं एकही काम केलेलं नाही. जिन्यातला दिवा गेलाय, तो चाचपडत चढतो. बूट तळव्यातून हसतात. मेव्हणीच्या मते भावोजींना आळसाने ग्रासलंय. सतरा चिठ्ठ्या मात्र शाबूत.

काल दाढ सहन होईना. दातांच्या डॉक्टरचा नंबर शोधायला पान उघडलं. तिथे तिची जुनी चिठ्ठी. 'दाढ दाखवून ये.'

त्याने पान मिटलं. गाल धरून बसला.

थोड्या वेळाने पुन्हा उघडलं.

तिच्याखाली दुसरी चिठ्ठी होती. विसावी.

'थांबलेय मी. जाऊन ये.'

हे सांगताना त्याचा गाल टम्म सुजला होता. जाऊन आलं तर चिठ्ठी जाणार. नाही गेलं तर ती अशी किती वेळ उभी राहणार, आणि कुठे... हे त्याला कळेना.

सकाळपासून तो बूट घालून दारात उभा आहे.