दाखल्याचा रकाना

पेन्सिलीची ती ओळ उजवीकडे साधारण तीन मिलिमीटर फरपटली होती. लिहिलेल्या अक्षरांवरून लिहिणाऱ्याचाच तळहात घासत गेला की होते, तशी.

घडलं तसंच लिहिलं आहे. वेळ दुपारी चारची. जागा वर्तमानपत्राच्या कचेरीतली संदर्भखोली. भुतं रात्रीच हिंडतात असं मानणाऱ्यांनी हवं तर इथेच थांबावं.

ताई वीस वर्षं ‘दिनविशेष’ सदर लिहीत होती. दर तारखेला एक, अशी तीनशे सहासष्ट कार्डं. कोणता सामना कुणी जिंकला, कोणतं नाटक पहिल्यांदा रंगलं, कोणता तह झाला. नोंद आधी पेन्सिलीने. शेजारच्या रकान्यात दाखला, म्हणजे माहितीचा आधार, भरला, की मगच शाईने. रसायनशास्त्र शिकलेल्या ताईने हा नियम कधी मोडला नव्हता.

मुद्रितशोधक रोज चेष्टेने विचारायचा, “ताई, उद्या कोण जन्मलं, कोण गेलं?”

त्या दिवशी उद्याच्या कार्डावरची शेवटची ओळ तिची नव्हती.

‘गोलरक्षक सुटला.’

वर्ष नाही. दाखला नाही.

कुणीतरी खोडी काढली असेल, म्हणून तिने ती खोडली.

दुसऱ्या दिवशी ओळ पुढच्या तारखेच्या कार्डावर होती...

तेच अक्षर. तसंच फरपटलेलं. मग तिला ओळख पटली.

तिचा धाकटा भाऊ डावखुरा होता. गोलरक्षक होता. आणि पाच महिने इस्पितळात पडून होता. श्वास यंत्राचा. तो आता उठणार नाही, असं दोन डॉक्टरांनी वेगवेगळं तपासून सांगितलं होतं. यंत्र काढायचं की नाही, हे आईने ताईवर सोपवलं होतं आणि वर रोज बजावायची, घाई करू नकोस हं. ताई दर सोमवारी डॉक्टरांना सांगायची, पुढच्या सोमवारी बघू.

अकरा दिवस ती ओळ खोडत राहिली. नवस बोलावा तशी, श्वास धरून. खोडलं की तो आणखी एक दिवस आपला.

बाराव्या दिवसासाठी तिने कार्डांच्या कपाटाला कुलूप लावलं. किल्ली घरी नेली.

चारला कुलूप उघडलं. ओळ होती.

आणि खोलीत आवाज होता...

फुस्स. टक. फुस्स. टक.

तिने पंखा बंद केला. घड्याळ लावून मोजलं. मिनिटाला चौदा. भावाच्या उशाशी, यंत्रावर, हाच आकडा होता.

मुद्रितशोधक दारात आला. त्याला काहीच ऐकू येत नव्हतं. म्हणाला, घरी जा ताई, तोंड पांढरंफटक पडलंय.

तो गेल्यावर तिने खोडरबर टेकवला.

आवाज थांबला...

दहा सेकंद. वीस. चाळीस.

तिने हात झटकन मागे घेतला. कुणीतरी बुडता बुडता वर यावं, तसा आवाज परत सुरू झाला.

दाखल्याचा रकाना आता रिकामा नव्हता.

‘ताई सांगेल.’

तेवढ्यात फोन वाजला. आई होती, त्याच्याच खोलीतून.

“मघाशी मिनिटभर यंत्र अडलं गं. पोर नुसतं तडफडलं.” आई थांबली. “हल्ली रोजच अडतं. चारच्या सुमाराला. तुला घोर नको, म्हणून बोलले नाही.”

रोज. चारला. बारा दिवस.



“आई,” ती म्हणाली, “डॉक्टरांना बोलाव. उद्या सकाळी यंत्र काढायचं.”