रिकाम्या रांगेतला हुंकार

पडद्याच्या डाव्या अंगाला, काळ्या काचेमागे, एक चिंचोळी खोली होती. एक खुर्ची, एक टेबल, टेबलावर ध्वनिमुद्रणाचं यंत्र आणि हेडफोन. या खोलीत बसणाऱ्या मुलीला पडदा दिसायचा नाही. तिला प्रेक्षक दिसायचे.

तिचं कामच ते होतं. चित्रपट बाहेर पडण्याआधी थोड्या लोकांना बोलावून दाखवायचा, आणि ते कुठे हसले, कुठे दचकले, कुठे कंटाळून चुळबुळले, ते छतावरून सोडलेल्या माइकांनी टिपायचं. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन ती इथे लागली तेव्हा 'वाटाड्या' मालिकेचा तिसरा भाग आला होता. आता शेवटचा आला होता. मधले सगळे भाग तिनं पाहिले होते... म्हणजे चेहऱ्यांवर पाहिले होते. दरी आली की भुवया वर जायच्या, वाटाड्यानं टोमणा मारला की खांदे हलायचे. दरी कशी होती, ते तिला ठाऊक नव्हतं.

सगळे तिला 'मीटर' म्हणायचे. मीटरला आकडे विचारतात. तुला काय वाटलं, असं कुणी विचारत नाही. हे तिला सोयीचं होतं.

या वेळी एक नवा माइक आला होता, फार तिखट कानाचा. तो तिनं भिंतीलगतच्या रांगेवर, गार हवेच्या जाळीजवळ लावला. कुणाच्या खोकल्यानं बाकीचं बुडू नये म्हणून ती पूर्ण रांग दोरी बांधून रिकामी ठेवली.

पहिला खेळ दुपारी सुरू झाला. वाटाड्यासारखा लाल रुमाल गळ्यात बांधून आलेला एक टक्कल पडलेला गृहस्थ सुरुवातीलाच डोळे पुसायला लागला. कॉलेजातली टोळी गप्प बसली होती. सगळं नेहमीसारखं चाललं होतं, आणि मग एका संवादानंतरच्या शांततेत तिच्या कानात अगदी हळू आलं...

"हं."

तिनं मान वर केली. माइक रिकाम्या रांगेचा होता. रांगेत कुणी नव्हतं.

थोड्या वेळानं पुन्हा. "हं." गोष्ट सांगणारा श्वास घ्यायला थांबला की ऐकणारा देतो तसा, अगदी वेळेवर दिलेला हुंकार. तिनं वायर तपासली, दुसऱ्या माइकाचा आवाज यात मिसळतोय का ते पाहिलं. सगळं ठीक होतं. दोरी जागच्या जागी होती. खुर्च्या मिटलेल्या होत्या. आणि त्या मिटलेल्या खुर्च्यांमध्ये बसून कुणीतरी मन लावून गोष्ट ऐकत होतं.

शेवटच्या दृश्यात वाटाड्या धुक्यात शिरतो आणि परत येत नाही. पडदा पांढरा होत गेला असावा, कारण समोरचे सगळे चेहरे हळूहळू पांढरे झाले. मग ते एकेक करून विझले. कुणी टाळी वाजवली नाही. दिवे लागले तरी बराच वेळ कुणी उठेना. लाल रुमालवाला तर शिपाई जवळ येऊन उभा राहिला तेव्हा उठला.

दालन रिकामं झालं. ती हेडफोन काढणार, तेवढ्यात कानात आलं...

"हं?"

या वेळी त्यात प्रश्न होता. पुढे काय, असा.

तिच्या मानेवर काटा आला. काचेपलीकडे नुसत्या खुर्च्या होत्या. कुणाला सांगतेय हे न कळताच ती पुटपुटली, "संपलं."

शांतता. मग फार खालून, समजूत पटल्यासारखं, थोडं नाराज...

"हं."

तेवढ्यात दार ढकलून दिग्दर्शिकाबाई आत आल्या. "रडले का गं?"

"काही रडले. बाकीचे उठायलाच तयार नव्हते."

"हे चांगलं की वाईट?"

"ते माइकला कळत नाही, बाई."

"तुझा चेहरा का उतरलाय?"

"एसी जास्त आहे," ती म्हणाली.

*

घरी गेल्यावर तिनं वहिनीला फोन लावला. मनातलं ओकायला तिला तेवढी एकच जागा होती. दादाच्या लग्नापासून या दोघींचं जे मेतकूट जमलं होतं, त्यात दादालाही शिरकाव नव्हता.

"वहिनी, ऐक. कामावर मला कुणीतरी हुंकार देतंय."

"होकार? कोण?" पलीकडे कुकरची शिट्टी झाली. "थांब, गॅस बंद करते. होकार दिला त्यानं? आणि तू विचारलंस कधी? आम्हाला पत्ता नाही."

"अगं, होकार नाही..."

"आता नाही म्हणू नकोस. आवाज बघ कसा कापतोय तुझा. दिसतो कसा?"

"दिसत नाही."

"म्हणजे बेताचा आहे. चालेल गं. स्वभाव?"

"ऐकून घेतो."

"मग सोडू नकोस. असला माणूस मी तरी अजून पाहिलेला नाही, आणि तुझा दादा इथेच बसलाय, त्यालाही ऐकू दे."

गैरसमज दूर करायला एक वाक्य पुरलं असतं. ते ओठांपर्यंत आलंही होतं. पण वहिनी किती दिवसांनी अशी हसत होती... आणि खरं सांगायचं तर, रिकाम्या खुर्चीनं मला साथ दिली, हे वाक्य तिला स्वतःलाच ऐकायचं नव्हतं.

"शेवटच्या खेळाला येतो आम्ही," वहिनी म्हणाली. "तिथेच भेटव."

दुसऱ्या दिवशी आरशासमोर ती नेहमीपेक्षा जास्त वेळ उभी राहिली. केस एकदा बांधले, सोडले, परत बांधले. कुणासाठी, असा प्रश्न मनात आला तसा तिनं दिवा बंद केला.

त्या दिवशीच्या खेळाला तिचं आकड्यांकडे लक्ष नव्हतं. माणसं दचकली, हसली, एक बाई डोळ्यांतून धार लागलेली असताना शांतपणे लाह्या खात राहिली. मीटर कान लावून बसली होती ती त्या एका आवाजासाठी. तो यायचा, आणि छातीत काहीतरी हलकंसं खाली बसायचं. आपल्याला जिथे थांबावंसं वाटतं तिथेच तो थांबत होता. जे आपल्याला हलवून जातं, तेच त्यालाही. इतकं आपल्यासारखं कुणी असतं?

त्या विचाराशीच ती अडखळली. इतकं आपल्यासारखं...

संध्याकाळी सगळे गेल्यावर तिनं स्वतःचा आवाज मुद्रित केला. "हं." मग तो आणि रिकाम्या रांगेतला, असे दोन्ही आलेख यंत्राच्या पडद्यावर एकावर एक ठेवले.

ते जुळले. पुढचाही जुळला. त्याच्या पुढचाही.

ती खुर्चीत मागे टेकली. तिच्या डोक्यावरच गार हवेची एक जाळी होती. खोलीतून नळीत, नळीतून खाली कुठेतरी, आणि तिथून फिरून रिकाम्या रांगेच्या जाळीतून वर. वाटेत आवाज घोगरा झाला होता, एवढंच. चित्रपट चालू असताना ती स्वतःच हुंकार देत होती, आणि तिला त्याची गंधवार्ता नव्हती. कदाचित कितीतरी वर्षं. तिखट कानाचा माइक आला म्हणून कळलं.

पहिल्या दिवशीचे शेवटचे दोन हुंकार तेवढे फार पुसट होते, आलेखावर ते धड उमटलेच नव्हते. बाकीचे आपले, मग तेही आपलेच, असं तिनं मानून टाकलं. प्रयोगशाळेत दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर तिनं त्याला फैलावर घेतलं असतं.

भुताची भीती परवडली. हे त्याहून वाईट होतं. भूत म्हणजे निदान दुसरं कुणीतरी.

*

शेवटच्या दिवशी वहिनी मोरपंखी साडी नेसून आली, दादाला इस्त्रीचा शर्ट घालायला लावून.

"कुठाय?" वहिनीनं खोलीत डोकावून विचारलं.

"खेळ संपल्यावर सांगते."

"लाजतेय बघ," वहिनी दादाला म्हणाली. दादा म्हणाला, "मला आधी चित्रपट बघू दे," आणि त्या दोघांनी दोरीच्या अलीकडच्या रांगेत जागा धरली.

खेळ संपला की माइक उतरणार होते. मालिका संपली, खोलीचं काम संपलं, तिची बदली दुसऱ्या विभागात झाली होती. आणि वहिनीला सांगायचं होतं की मुलगा नाही, मुलगा कधी नव्हताच, मी इतके दिवस एकटीच बोलत होते. त्याआधी तिला खात्री करून घ्यायची होती. दिवे मालवले तसा तिनं रुमालाचा बोळा ओठांवर घट्ट दाबून धरला.

पहिली शांतता आली. कानात काही नाही.

दुसरी आली. काही नाही. रिकामी रांग रिकामीच होती.

चित्रपट संपेपर्यंत तिनं रुमाल काढला नाही. समोर चेहरे उजळत होते, विझत होते. दादा तोंड उघडं टाकून बघत होता. वहिनी दादाचा दंड धरून बसली होती. मग धुकं आलं. चेहरे पांढरे झाले, ओळखीचे आणि अनोळखी एकसारखेच, जणू सगळे एकाच वेळी कुठेतरी निघून गेले आणि कातडी तेवढी इथे ठेवून गेले. दालनात हुंदकाही नव्हता. मीटरच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते वाटाड्यासाठी नव्हतं.

त्या शांततेत रिकाम्या रांगेतून एक पुरुषी आवाज आला.

"आज गप्प का...? बरं नाही का?"

तिचा हात यंत्रावरून निसटला. रांगेत कुणी नव्हतं. तिथून हातभर अंतरावर बसलेल्या वहिनीनं मानही वळवली नव्हती. इतका हळू आवाज त्या माइकलाच ऐकू जावा.

प्रतिध्वनी चौकशी करत नाही. शास्त्र तिला एवढं नक्की शिकवून गेलं होतं.

हेडफोन टेबलावर तसाच टाकून ती बाहेर पडली. मागचा लोखंडी जिना ती आजवर कधी उतरली नव्हती. प्रत्येक पायरीला हवा जास्त गार होत होती. खाली दिवा एकच, पिवळा. काळ्या वेष्टणातले जाड पाइप जनावरांसारखे भिंतीला धरून पडले होते, त्यांच्यावरून पाणी ठिबकत होतं, आणि मोठ्या यंत्राची घरघर पायांतून वर चढत होती. सगळ्या पाइपांच्या टोकाला, हवेच्या नळीच्या तोंडाशी, एक माणूस तिच्याकडे पाठ करून उभा होता. मान वर, कान लावून. अजिबात हलत नव्हता.

तिला वाटलं, परत फिरावं.

"काय झालंय तुम्हाला?" तो नळीला म्हणाला.

"काही नाही," ती मागून म्हणाली.

तो असा काही उडाला की त्याच्या हातातला पाना पाइपवर आदळला. वळून तो तिच्याकडे बघत राहिला. तिशीतला, बाह्या कोपरापर्यंत ओल्या, चेहरा भुतासारखा पांढराफटक. म्हणजे त्याला तीच भूत वाटत असणार.

"तुम्ही..." तो म्हणाला. "तुम्हीच हं म्हणता?"

"बहुतेक. मला कालपर्यंत माहीत नव्हतं."

"मी एसीचा प्लांट बघतो. तिसऱ्या भागापासून." जणू तो आपण इथे असल्याबद्दल खुलासा देत होता. "नळीतून सगळं ऐकू येतं. तलवारी, घोडे, पाऊस. आणि मधे मधे तुम्ही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पळालोच होतो मी वर."

"मग?"

"मग सवय झाली. नंतर तर..." त्यानं पाना उचलला, उगाच पुसला. "नंतर मी चित्रपट कमी आणि तुम्हाला जास्त ऐकायला लागलो. हसू नका."

"हसत नाही. मग आज बोललात, आधी कधीच का नाही?"

"आधी कधी गरज पडली नाही. दर भाग संपला की शेवटी तुम्ही एक हं द्यायचात. बरं वाटल्याचा. परवा तो दिला नाहीत. मला राहवेना, म्हणून मीच विचारलं. तर तुम्ही म्हणालात, संपलं. मला फार वाईट वाटलं ते. रात्री जेवण गेलं नाही."

आयुष्यभर ती दुसऱ्यांचे श्वास मोजत आली होती. आणि इथे, सगळ्यांच्या पायांखाली, एक माणूस तिचे ऐकत होता.

"इथलं काम आता बंद होणार," तो म्हणाला. "मला उद्यापासून दुसरीकडे बोलावलंय. म्हटलं, निदान बरं आहे ना, एवढं तरी विचारावं. तुम्ही खरंच असाल असं काही मला वाटलं नव्हतं."

"मलाही वाटलं नव्हतं, तुम्ही असाल असं."

पाइपवरून पाणी ठिबकत होतं.

"माझ्या वहिनीचा एक गैरसमज झालाय," ती शेवटी म्हणाली. शब्द ती जपून, एकेक तपासून ठेवत होती. "तिला वाटतंय, माझं कुणाशी तरी जमलंय. ती वर त्याला बघायला आलीय."

"आणि तसं नाहीये?"

"चार मिनिटांपूर्वीपर्यंत तो माणूसच नव्हता."

त्याचे कान लाल झाले. तिला ते पिवळ्या दिव्यातही स्पष्ट दिसलं.

"तिला खरं काय ते सांगणारच आहे मी," ती म्हणाली. "फक्त... खरं काय, ते मला आत्ता नीट माहीत नाही. एकटीनं ठरवण्यासारखंही नाही."

त्यानं हळूच हात लांबवून यंत्राचा खटका खाली ओढला. घरघर थांबली. कित्येक वर्षांत पहिल्यांदा तिथे शांतता झाली, आणि त्या शांततेत, त्यांच्या डोक्यावरच्या नळीतून, वहिनीचा आवाज अगदी स्वच्छ उतरला.

"ही दिसत नाही. मुलगाही दिसत नाही. म्हणजे सगळं ठीक चाललंय, तू बस खाली."

त्यानं तोंडावर हात दाबला. त्याचे खांदे हलत होते. तिनं आजवर हसणारे हजारो खांदे पाहिले होते, पण इतक्या जवळून नाही. मग तिनं टाचा उंचावल्या, नळीच्या तोंडाशी ओठ नेले आणि म्हणाली, "वहिनी, वर येतोय आम्ही."

वर किंकाळी, आणि पाठोपाठ पर्स पडल्याचा आवाज.

पण त्याचं तिकडे लक्ष नव्हतं.

"आम्ही?" त्यानं विचारलं.

ती उत्तर देणार होती. त्याआधी तिनं त्याचा ओला, बर्फासारखा गार हात हातात घेतला, आणि तो ऊबदार होईपर्यंत दोघं तिथेच उभे राहिले.