पडद्याआडचा ट्रम्पेट

रुचिर, मोबाइल ठेव खाली. ऋचा, घाबरणार असशील तर आताच आत जा, मागाहून तुझ्या आईची बोलणी मी खाणार नाही. घडलेली गोष्ट आहे. इथे आखातात, माबेल्यात आमच्या वरच्या मजल्यावर फेबियन राहायचा, त्याची. वसईचा पोरगा, हॉटेलच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा.

दोन हजार बावीस, सतरा नोव्हेंबर, गुरुवार. ट्रम्पेटची कळ अडकत होती. महमूदच्या वर्कशॉपमध्ये दुरुस्तीला दिलेला, तो आणायला फेबियन संध्याकाळी गाला नावाच्या गॅरेजांच्या भागात गेला. बायको फ्लाविया तापाने पडलेली, म्हणून सहा वर्षांची जसिंता बरोबर. निघेपर्यंत अंधार पडला आणि पोरगी मागच्या सीटवर झोपली.

दुसऱ्या दिवशी हॉटेलात एका जुन्या बिग बँडच्या सिनेमातली गाणी होती. फेबियनला त्या सिनेमाचं भलतं वेड, नुसता पिडायचा आम्हाला. म्हणे, हिरोला ट्रम्पेट येतच नव्हता. गाणी आधीच रेकॉर्ड केलेली. शूटिंगला हिरोच्या ट्रम्पेटमध्ये कापूस कोंबायचे, चुकून फुंकला तरी आवाज नको! खरा वाजवणारा पडद्याआड उभा राहून बोटं दाखवायचा, हिरो तशी हलवायचा. सिनेमा तुफान चालला. त्या माणसाचं नाव कुठेच आलं नाही. तसाच मेला बिचारा.

त्यातला शेवटचा उंच सूर काही केल्या फेबियनला लागेना. मॅनेजरने बजावलेलं, उद्या चुकलास तर खलास. नोकरी गेली की व्हिसा गेला, पोरीची शाळा गेली. घरी वाजवलं की शेजारी भिंत ठोकायचे. म्हणून बंद गॅरेजांच्या मागे त्याने गाडी थांबवली. एसी चालू, काचा बंद, पोरगी आत. हा बाहेर, बॉनेटपाशी.

फुंकला. सूर फाटला. पुन्हा. पुन्हा. ओठातून रक्त आलं. शेवटी रडायलाच लागला आणि त्या मेलेल्या माणसालाच हाक मारली, "त्या हिरोसाठी उभा राहिलास ना? मग माझ्यासाठी पण ये रे. माझं काय पाहिजे ते घे... पण एवढा सूर दे."

सगळं शांत.

त्याने ट्रम्पेट ओठांना लावला. सूर आला. उंच, स्वच्छ. फेबियन हसला... आणि गार पडला.

त्याने अजून फुंकलंच नव्हतं.

ट्रम्पेट खाली घेतला. सूर चालूच...

मागून. बंद गाडीतून.

हसू नकोस रुचिर.

धावला. दार उघडलं. आवाज बंद. जसिंता गाढ झोपलेली. फक्त... तिला धाप लागलेली.

दुसऱ्या दिवशी तो हॉटेलात गेलाच नाही. मी म्हटलं, "अरे वेड्या, नोकरी जाईल!" म्हणाला, "जाऊ दे अंकल. पोरगी नेतो इथून." ट्रम्पेट इथेच विकला. महिन्याच्या आत तिघंही वसईला.

परवा त्याचा व्हिडिओ कॉल आला. जसिंता मजेत आहे, खाते, खेळते. पण तिच्या ओठांवर गोल, लाल वण आहे. तासन्तास ट्रम्पेट वाजवणाऱ्यांना पडतो तसा. त्याच रात्रीपासून. दिवसभरात पुसट होतो, फेबियन म्हणाला.

सकाळी पुन्हा ताजा असतो.