लोलक कोण सरकवतं?

प्रयोगशाळेचं दार धाडकन आपटलं आणि लेसरच्या पल्स, म्हणजे प्रकाशाचे क्षणिक ठोके, गेल्या. त्या काळचे लेसर फार लहरी. सकाळभर त्याच्या आतल्या आरशाला टिचक्या मारून, मिनतवाऱ्या करून तिनं त्या सुरू केल्या होत्या. ती वळली, तर दारात एक उंच तरुण उभा.

"कोण तुम्ही?"

"लेसर दुरुस्त करायला आलोय," तो ओशाळून म्हणाला.

हसू दाबताना तिची पुरेवाट झाली.

प्रयोगशाळेत तिला सगळे 'चौकशी खिडकी' म्हणत, इतके तिचे प्रश्न. दोन अणू एकमेकांपासून सुटतात तो क्षण तिला पाहायचा होता. तो टिपायला पल्सही तितकीच क्षणिक, म्हणजे अजून आखूड हवी होती. तो लेसर बनवणाऱ्या कंपनीचा माणूस. पल्स आखूड झाली की त्याचं काम संपणार आणि तो परगावी जाणार.

रोज दोघं त्या अंधाऱ्या खोलीत शेजारी वाकून बसू लागले. तो सांगे, एका पल्समध्ये कितीतरी रंग असतात. काचेतून जाताना काही पुढे पळतात, काही रेंगाळतात, म्हणून ती लांबते. काचेचा त्रिकोणी लोलक सरकवून त्यांना पुन्हा एकत्र आणायचं. ती विचारी, पळणाऱ्यांना थोपवायचं, की मागच्यांना ढकलायचं? तो तिच्याकडे बघे... आणि उत्तर विसरे.

पडद्यावर पल्सच्या आलेखाची टेकडी उमटायची; जितकी निमुळती, तितकी पल्स आखूड. संध्याकाळी निमुळती, सकाळी पुन्हा पसरट. असं का होतं, या प्रश्नानं तिची झोप उडाली. घरी आईचा टोमणा ठरलेला — मेकॅनिक बरा मिळालाय, दुरुस्ती काही संपत नाही.

एका सकाळी ती लवकर आली. तो लोलकाचा स्क्रू उलटा फिरवत होता.

"रोज हे तुम्ही करता?"

त्याचा चेहरा उतरला. "काम संपलं तर... इथं यायला निमित्त काय उरेल?"

तिला राग आला. रागाच्या आत काहीतरी गोड हललं, त्याचाही राग आला. तिनं स्क्रू हातात घेतला आणि सावकाश फिरवत राहिली. टेकडी निमुळती झाली, आणखी निमुळती... अगदी सुईसारखी. एवढी आखूड पल्स तिथं कुणी पाहिली नव्हती.

तो आवराआवर करू लागला.

"संपलं तुमचं काम," ती म्हणाली.

"हो."

"मग आता बिनकामाचं थांबून दाखवा."

पुढे तो लेसर भंगारात गेला, त्याच्या जागी आलेलाही गेला. दुरुस्तीला आलेला तो मात्र अजून थांबलेलाच आहे.